सांदवाडीतला मांडव: माप आपलं, ठराव आपला

(प्रभागातल्या गटांच्या एकत्रित सभेत क्षेत्र समन्वयक यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बँकेचा फॉर्म नाही, थकबाकीची यादी नाही. आज मांडवाबद्दल बोलायचं आहे. बऱ्याच गटांच्या सभेत ही मागणी येते आहे, की सांदवाडीत एक पक्का मांडव पाहिजे. कोणाला पापड-कुरड्या करायला, कोणाला शिलाई मशीन उजेडात काढायला, आणि बहुतेकींना गटाच्या सभेला. सभा समाजमंदिरात घ्यायची तर चावी कोणाकडे तरी मागावी लागते. अंगणवाडीत घ्यायची तर पोरांची सुट्टी होईपर्यंत थांबावं लागतं. कोणाच्या सपरीत घ्यायची तर त्या घरचा माणूस खाटेवर बसून सगळं ऐकतो, आणि ज्या बाईला खरं काही बोलायचं असतं ती गप्प बसते. हे मी शोधून काढलेलं नाही, तुम्हीच मला सांगितलं आहे.

शहरात बंगल्यामागे चार-सहा खांबांची अशी छपरी असते. तिला गझिबो म्हणतात, तिथे बसून चहा पितात. आपल्या मांडवातही चहा होईल, पण आपला मांडव कामाचा आहे.

लग्नाचा मांडव आपल्याला नवा नाही. भावकी येते, जांभळीच्या डहाळ्या येतात, दिवसाभरात मांडव उभा राहतो आणि चार दिवसांनी उतरतो. त्याला कोणी नकाशा काढत नाही, मजुरी ठरवत नाही, जेवण घातलं की झालं. सांदवाडीतला मांडव मात्र दहा-बारा वर्षं राहायचा आहे आणि त्यात तुमचं कर्ज आहे. तो भावकीच्या भरवशावर टाकता येत नाही. त्याला माणूस लावावा लागतो. आणि माणूस लावायचं म्हटलं, की आपल्या बाया मागे सरतात. "मॅडम, मिस्त्रीसंग बोलाचं काम घरचेच पाह्यतीन."

मला आज इथेच थांबून बोलायचं आहे. धानाच्या रोवणीचा हुंडा कोण ठरवतं? हुंडा म्हणजे कामाचा हुंडा, लग्नाचा नाही. तुम्हीच ठरवता ना? दहा-बारा बायांची टोळी बांधावर उभी राहते. बांध्या किती, चिखल कसा झाला, पऱ्हे किती दुरून आणायचे, हे सगळं डोळ्यांनी पाहून एकरी भाव सांगता. मालक कमी म्हणतो, तुम्ही जास्त म्हणता, मधे कुठे तरी ठरतं. पैसे कधी मिळणार हेही तिथेच वदवून घेता, कारण "धान निघल्यावर देतो" म्हणणारा मालक तुम्ही पाहिलेला आहे. म्हणजे ठेका कसा ठरतो, काम कसं मोजतात, पैसे कुठे अडतात, हे सगळं तुम्हाला येतं. फरक एवढाच की आजवर तुम्ही काम करणाऱ्या बाजूला होत्या. मांडव बांधताना तुम्ही काम देणाऱ्या बाजूला असाल. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मला जे कोणी शिकवलं नाही ते तुम्ही बांधावर शिकल्या आहात, ते फक्त सांदवाडीत आणायचं आहे.

आता मापाकडे येऊ. मिस्त्रीला बोलवायच्या आधी माप आपलं तयार पाहिजे. तो आल्यावर "किती मोठा करू?" असं विचारतो आणि आपण "तुम्हीच सांगा" म्हणतो, तिथेच ठेका त्याच्या हातात जातो.

एक बाई पाय पसरून, समोर पोळपाट ठेवून बसली, तर तिला साधारण तीन फूट बाय चार फूट जागा लागते. म्हणजे १२ चौरस फूट. बारा बायांना १४४ झाले. ये-जा करायला, पाण्याचा गुंड ठेवायला थोडी जागा धरा. १२ फूट रुंद आणि १५ फूट लांब असा मांडव १८० चौरस फूट होतो, एवढा पुरे. नुसती सभा असेल तर यात वीस बाया आरामात बसतात. याहून मोठा करायचा मोह होईल. करू नका. मोठ्या मांडवाला मधे खांब येतात, जाड लाकूड लागतं, आणि वारा जास्त धरतो.

छप्पर चारही बाजूंनी दीड फूट बाहेर काढायचं, नाहीतर पावसाचा झोत आत येतो. मग छप्पर झालं १५ बाय १८. दोन्हीकडे उतार द्यायचा. बाजूचे खांब जमिनीपासून आठ फूट, मधला कणा दहा फूट ठेवला की एका बाजूचा उतार जवळजवळ आठ फुटांचा येतो, आणि आठ फुटांचं टीन बाजारात सहज मिळतं. म्हणजे टीन कापावं लागत नाही, तुकडे वाया जात नाहीत. एका टीनाची रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास असते, पण एकावर एक चढवल्यावर तीन फूटच झाकतं. १८ फुटाला सहा टिना, दोन्ही बाजूंना बारा. आता दुकानदार जर म्हणाला की "बाई, सोळा लागतील", तर तुम्हाला विचारता येईल की चार कुठे लावणार.

खांब दोन फूट जमिनीत जातात, म्हणून विकत घेताना ती लांबी धरायची. बाजूला तीन-तीन असे सहा खांब. मधल्या कण्याला टोकाला दोन. अगदी मधोमध खांब नको असेल तर ते आधी सांगा. आडवी बल्ली टाकून तिच्यावर ठेंगणा खांब उभा करता येतो, सुताराला हे माहीत असतं. पण तो आपणहून करणार नाही, कारण त्यात काम जास्त आहे.

जागेबद्दल. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पश्चिमेला अरुंद बाजू येते आणि चैत्र-वैशाखातलं दुपारनंतरचं ऊन कमी शिरतं. तिकडे दोडक्याचा, वालाचा वेल चढवला तर आणखी बरं. चिंचेच्या किंवा वाळलेल्या फांदीच्या खाली मांडव नको. शौचालयाचा खड्डा आणि विहीर दोन्हीपासून दूर. चुलीपासूनही दूर, विशेषतः तणसाचं किंवा गवताचं छप्पर असेल तर. आणि पागोळ्या! छपराचं पाणी शेजारणीच्या वाडीत पडणार असेल तर मांडव बांधूच नका, कारण गावात निम्मी भांडणं पागोळ्यांवरून होतात आणि त्या भांडणात गट फुटतो. कडेला पन्हाळ लावून पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडा. १५ बाय १८ च्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी अडीचशे लिटर पाणी येतं. सांदवाडीतल्या भाजीला ते उपयोगी पडेल.

मापाची टेप गटाने एक विकत घ्यावी. चौकोन सरळ आला की नाही, हे पाहायला मिस्त्रीची गरज नाही. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली तिरपी लांबी मोजा. १२ बाय १५ ला ती १९ फूट अडीच इंच यायला पाहिजे, आणि दोन्हीकडून सारखी यायला पाहिजे. एका बाजूने वीस आली तर चौकोन तिरपा झाला, टीन नीट बसणार नाही.

सामानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खांब लोखंडी पाईपचे किंवा सिमेंटचे, आणि वरचा सांगाडा बांबूचा. बांबू जमिनीत गाडला की वाळवी, म्हणजे आपली उधळी, त्याला सोडत नाही. वर मात्र तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडचा मानवेल जवळजवळ भरीव असतो, तो घ्या. तीन वर्षांपेक्षा कोवळा बांबू घेऊ नका. कोवळ्यात पीठ जास्त, म्हणून कीड लवकर लागते, आणि मग सभेत बसलेल्या बायांच्या डोक्यावर भुसा पडतो. जुनी माणसं बांबू कापून पाण्यात बुडवून ठेवत, ते बरोबरच होतं. त्यात ते पीठ निघून जातं. आता बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत आहे. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे बांबूकामाचं शिक्षण मिळतं. पण बांबूची कारागिरी शिकायला एवढं दूर जायची गरज नाही. आपल्या गावातला बुरड कारागीर सूप-टोपलीच करतो असं समजू नका. बांबू कुठे फाटतो आणि कुठे वाकतो, हे त्याच्याइतकं वेल्डिंगवाल्याला कळत नाही. त्याला या कामात घ्या आणि कारागिराचा भाव द्या.

लाकडाबाबत सावध. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते. १९६४ पासून तसा राज्याचा कायदा आहे. "रात्री आणून देतो" म्हणणाऱ्याकडून जंगलातली बल्ली घेतली, तर तो पळून जाईल आणि बल्ली तुमच्या वाडीत सापडेल. बांबूचं वेगळं आहे. जंगलाबाहेर, शेतात-बांधावर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या वन कायद्यात झाड म्हणून धरला जात नाही. म्हणून शेतातला बांबू शेतकऱ्याकडून घ्या आणि त्याच्याकडून विक्रीची चिठ्ठी लिहून घ्या.

टीन तापतं, हे तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात दुपारी नुसत्या टिनाखाली बसवत नाही. कवेलू थंड असतात, पण वानरं राहू देत नाहीत. मधला मार्ग असा, की टिनाच्या खाली हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं दुसरं छत करायचं. दोन्हीच्या मधून हवा खेळते. आणि टिना दगड ठेवून दाबायच्या नाहीत. वादळात दगडही खाली येतो आणि टीनही उडतं, आणि उडालेलं टीन माणसाचा जीव घेतं. हुक आणि नट लावूनच बसवा. टीन घेताना जाडी विचारा, नुसता रंग पाहू नका. ०.३५ मिलिमीटर आणि ०.५० मिलिमीटर यांत दिसायला फरक नाही, वाऱ्यात फरक आहे. बिलावर जाडी लिहून मागा. वीज घ्यायची तर मीटरवरून रीतसर वायर घ्या, पाईपमधून न्या. तारेचं आवरण फाटून टिनाला लागलं तर सगळा मांडवच करंट मारतो.

कधी बांधायचा? आषाढ-श्रावणात रोवणी, तुम्हालाच वेळ नाही. दिवाळीनंतर धान कापणी आणि मंडया. मे महिन्यात अर्धं गाव तेंदूपत्त्याला, उरलेलं लग्नात, आणि मिस्त्रीचा भाव चढलेला. मला विचाराल तर पौष-माघ. धान घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, मजूर मिळतात, आणि बांबूही त्याच दिवसांत कापलेला चांगला.

आता माणूस लावायचा. गावातले एक आणि शेजारच्या गावातले एक-दोन, अशा किमान तीन जणांकडून भाव घ्या. तिघांनाही माप एकच सांगा, नाहीतर तुलना होत नाही. त्यांनी आधी केलेलं काम पाहायला जा. दोन पावसाळे झालेला मांडव किंवा शेड पाहा, नवं काम सगळंच चांगलं दिसतं. आणि तिथल्या बाईला विचारा, बुवाला नाही. काम चालू असताना मिस्त्री किती दिवस आलाच नाही, हे तिलाच माहीत असतं.

मिस्त्री वाडीत आल्यावर बहुधा इकडे तिकडे पाहतो आणि म्हणतो, "घरचे कोठी आहेत जी? त्याहिले बलवा, मंग बोलू." त्याच्यावर चिडायचं कारण नाही, त्याला सवय नाही. शांतपणे सांगा की पैसे माझ्या हातून मिळणार आहेत, म्हणून बोलणंही माझ्याशीच होईल. एकटी असाल तर गटातल्या दोघी सोबत बसा. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या ताईंना तर मिस्त्री हमखास जास्त भाव सांगतो. तिथे गटाने सोबत बसणं हे उपकार नाहीत, ते गटाचं कामच आहे.

बाईने बांधकामावर लक्ष ठेवायचं, हे काही मी नवीन काढलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात पडझड झालेली घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा मोठा कार्यक्रम निघाला. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं. पैसा कोणत्या टप्प्याला मिळतो, भिंत मजबूत करायला काय लागतं, मिस्त्रीने काय करायला पाहिजे आणि काय टाळतो आहे, हे त्या बाया घरोघरी जाऊन समजावत होत्या. त्यांच्यातल्या बहुतेकींनी त्याआधी बांधकामात डोक्यावर घमेलं वाहण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानातली शौचालयं बांधताना गटातल्या बाया स्वतः गवंडीकाम शिकल्या. तिकडे त्यांना रानी मिस्त्री म्हणतात. आपल्याकडे तसं कधी होईल ते पाहू. मांडवाचा चौकोन मोजणं ही त्यातली पहिली इयत्ता समजा.

ठेका द्यायचा की रोजीने काम करायचं? खांब उभे करणं आणि छप्पर, हे ठेक्याने द्या. खड्डे, माती, जमीन सारवणं, हे रोजीने. ठेक्यात सामान कोणाचं ते लिहा. माझा सल्ला, सामान आपण घ्यावं, त्याची फक्त मजुरी. मग टीन कोणत्या जाडीचं आलं, हे आपल्या हातात राहतं. कागद साधाच चालेल, पण त्यावर माप, खांबांची संख्या, किती दिवसांत, मजुरी किती आणि कोणत्या टप्प्याला किती, एवढं पाहिजे. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि एक प्रत त्यालाही.

टप्पे कसे, ते उदाहरणाने सांगते. समजा मजुरी ८,००० ठरली. सुरुवातीला बयाना १,०००. सगळे खांब ओळंब्यात उभे झाले की ३,०००. छप्पर पूर्ण झालं की ३,०००. आणि शेवटचे १,००० पहिला जोराचा पाऊस पाहून. हे शेवटचे हजार रुपये फार कामाचे असतात. टीन गळतं म्हणून फोन केला तर मिस्त्री त्यांच्यामुळे येतो.

पण एक गोष्ट इथे नीट ऐका. पैसे राखून ठेवायचे ते ठेकेदाराचे. रोजीने आलेल्या मजुराचे नाही. खड्डे खणायला आलेल्या माणसाची आणि रेजा म्हणून आलेल्या बाईची रोजी त्याच संध्याकाळी किंवा ठरलेल्या आठवड्याला. रोवणीचे पैसे अडकल्यावर कसं वाटतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी दुसरीचे अडकवू नयेत.

आणि रोजी किती? आपल्याकडे पुरुषाला एक भाव आणि रेजाला कमी भाव, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की आपण स्वतः काम देताना तेच करतो. एका गावात मी विचारलं, तर उत्तर आलं, "बाईले तेवढी कोनी देते का व मॅडम?" मी म्हटलं, ताई, तुमच्या मांडवावर देणाऱ्या तुम्हीच आहात. खड्डा दोघांनी सारखा खणला, माती सारखी वाहिली, तर रोजी सारखी. सारख्या कामाला सारखं वेतन, हा कायदा १९७६ साली आला. तो मालकांनी पाळावा म्हणून आपण मेळाव्यात टाळ्या वाजवतो. आता मालक आपण आहोत. यावर काही गटांत वाद होईल, खर्च वाढतो म्हणतील. होऊ द्या वाद. इतिवृत्तात लिहा की कोण काय म्हणालं.

याच्याच जोडीला, ज्या बाया वर्षात ९० दिवस बांधकामावर जातात, त्यांनी इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी केली आहे का, ते विचारा. वय १८ ते ६० असावं लागतं आणि ९० दिवसांचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या मांडवावर काम केलेले दिवसही तिच्या कामाचेच दिवस आहेत, तिला तारखा घालून चिठ्ठी लिहून द्या.

आता सगळ्यात अवघड. जागा कोणाच्या नावावर आहे? बहुतेक घरांचा नमुना आठ सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर आहे. कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या मजुरीतून, आणि मांडव मात्र दुसऱ्याच्या जागेवर. घरात सगळं चांगलं चाललं आहे तोवर काही वाटत नाही. नवऱ्यासोबत तुमचंही नाव घराच्या नोंदीत लावावं, असं राज्याच्या ग्रामविकास विभागाने २००३ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं आहे. मांडवाच्या निमित्ताने ग्रामपंचायतीत जायचंच आहे, तर तो अर्जही सोबत न्या. ग्रामपंचायतीत जायचं ते परवानगीसाठी. गावठाणात बांधकाम करायचं तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी लागते. ग्रामसेवकाला, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, मांडवाचं माप दाखवा आणि उत्तर लेखी घ्या. आणि कृपा करून शासनाच्या योजनेतून शेळ्यांचं शेड मंजूर करून त्यात गटाचा मांडव बसवू नका. तपासणीला साहेब आले की शेळ्या कुठून आणणार?

मांडव गटाच्या पैशाने, एका सभासदाच्या वाडीत होत असेल, तर आणखी जपायला पाहिजे. त्या घराची लेखी संमती, ज्याच्या नावावर जागा आहे त्याच्या सहीने. त्यात लिहा की मांडव गटाचा आहे, आणि गट ठरवेल तेव्हा तो उतरवून नेऊ शकतो. म्हणूनच मी पहिल्यापासून नट-बोल्टचा आग्रह धरते. वेल्डिंग केलेला मांडव उतरवता येत नाही, तो त्या घराचाच होऊन बसतो. बोल्टचा मांडव दोन दिवसांत सुटतो आणि दुसऱ्या वाडीत उभा राहतो. घरात सून बदलते, सासू वारते, भावांची वाटणी होते. बोल्ट असले तर गटाला भांडावं लागत नाही.

पैशाचं थोडक्यात. समजा गटातून २०,००० घेतले, दरमहा १,००० मुद्दल, महिन्याला शेकडा एक रुपया व्याज. उरलेल्या रकमेवर व्याज धरलं तर पहिल्या महिन्याला २००, दुसऱ्याला १९०, असं उतरत २० महिन्यांत एकूण २,१०० व्याज होतं. पूर्ण रकमेवर धरलं तर ४,०००. तुमच्या गटात कसं धरतात ते आजच लेखापाल ताईंना विचारा. आणि मांडवाच्या आधी एक गणित घाला: पापडाचे, शिलाईचे महिन्याला किती जास्त मिळतील? हप्त्यापेक्षा कमी मिळत असतील तर यंदा टिना घेऊ नका. खांब आणि बांबूचा सांगाडा करा, वर ग्रीन नेट टाका, टिना पुढच्या वर्षी. सभा ग्रीन नेटखालीही होते.

ठरावाचा आणि जागेच्या संमतीचा असे दोन नमुने लिहून ग्रामसंघाच्या लेखापाल ताईंकडे ठेवले आहेत. प्रत काढून घ्या, त्यात माप आणि रक्कम तुमची भरा. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी तरी लागेल, तर मोजायला जाताना शेजारणीला सोबत न्या. पागोळ्यांचंही तिच्याशी तेव्हाच बोलून घ्या.